यंत्र उघडण्याआधी : जुन्या ट्रॅक्टरच्या दोषनिदानाची प्रस्तावना

छिंदवाड्याहून नागपूरकडे सातपुडा उतरू लागले की राज्याची सीमा येण्याच्या बरीच आधी मराठी कानावर पडू लागते. हा सौंसर आणि पांढुर्णा या तहसिलींचा मुलूख. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी तो ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. अर्धनारीश्वराच्या देवळासाठी ओळखले जाणारे मोहगाव याच मुलखात, सौंसरजवळ आहे. संत्रा, कपाशी आणि तूर ही इथली ओळखीची पिके. बाजार, दवाखाना, सोयरीक आणि यंत्राचे सुटे भाग यांसाठी इथल्या माणसाची नजर आजही नागपूरकडे जाते. पोळ्याला बैल सजतात आणि दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, अशी दोन्ही युगे इथल्या घरांत एकत्र नांदतात.

या मुलखातल्या कितीतरी अंगणांत आलेला पहिला ट्रॅक्टर जुना असतो. थोड्या एकरांच्या धन्याला नव्या ट्रॅक्टरचे हप्ते अंगावर घेणे जड जाते. मग सावनेर, काटोल, मुलताई किंवा छिंदवाडा, कुठून तरी कोणी वापरलेला ट्रॅक्टर घरी येतो. सौदा बहुधा एका दुपारीच ठरतो. रंग ताजा असतो, टायर धुतलेले असतात, इंजिन चालू असते. पुढे कित्येक वर्षे पेरणीचा वाफसा साधेल की हुकेल, हे त्या दुपारी काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले यावर ठरते. एवढ्या मोठ्या निर्णयाला आधार देणारे ज्ञान अस्तित्वात आहे, ते शिकता येते आणि त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. वाचकांना या ज्ञानाच्या दाराशी आणून सोडावे, एवढ्यासाठी हे लेखन.

जे दिसते, ऐकू येते, हाताला लागते किंवा नाकाला कळते, त्यावरून आत दडलेल्या बिघाडापर्यंत पोहोचणे म्हणजे दोषनिदान. दुरुस्ती त्यानंतर येते. हेड उतरवून पिस्टन हातात घेतल्यावर झीज कोणालाही दिसेल. पण विकणारा काही आपले इंजिन उघडून देत नाही. न उघडता कळले पाहिजे, ही या विद्येची खरी कसोटी. आपल्याकडे ही विद्या मिस्त्रींच्या हातात आणि कानात वाढली. सौंसर-पांढुर्ण्याच्या रस्त्याकडेच्या गॅरेजांत ती उस्तादाकडून पोऱ्याकडे गेली आणि फारच थोडी कागदावर उतरली. ती केवळ हातोटी आहे असे मानणे हा तिच्यावर अन्याय होईल. चांगला मिस्त्री इंजिनाजवळ उभा राहून जे करतो तो शुद्ध तर्क असतो. तो जाणतो की एका लक्षणामागे चार कारणे असू शकतात. ती चारही तो मनात मांडतो आणि एकेक परीक्षा घेऊन वगळत जातो. उरते ते निदान. या विषयातले बाकी सगळे तपशील या एका शिस्तीभोवती उभे आहेत.

ट्रॅक्टरच्या निःपक्ष चाचणीची एक मोठी परंपराही अशाच एका फसलेल्या सौद्यातून सुरू झाली, हे नवख्या वाचकाला जवळचे वाटेल. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा एक शेतकरी होता. त्याने घेतलेला ट्रॅक्टर जाहिरातीतल्या दाव्यांच्या जवळपासही काम करीना. पुढे तो राज्याच्या विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये तिथे कायदा झाला : राज्यात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची आधी निःपक्ष चाचणी व्हावी आणि विकणाऱ्या कंपनीने सुट्या भागांची सोय राज्यातच ठेवावी. १९२० पासून तिथल्या विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या. विक्रेत्याचा शब्द आणि यंत्राची मोजलेली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कायद्याने जगाला शिकवले.

आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट अशी की भारतातले या परंपरेचे मोठे पीठ मध्य प्रदेशातच, नर्मदेकाठच्या बुदनी येथे आहे. १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या चाचणी अहवालांत पीटीओवर, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, मिळणारी ताकद, डिझेलचा आणि इंजिन ऑइलचा खप, हायड्रोलिकची उचल हे सगळे आकड्यांत असते. चाचणीनंतर इंजिन उघडून लायनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग मोजलेले असतात आणि कोणता भाग किती झिजेपर्यंत चालतो याची मर्यादाही दिलेली असते. आपण ज्या मॉडेलचा जुना ट्रॅक्टर पाहतो आहोत, तो नवा असताना कसा होता याची ही निःपक्ष साक्ष आहे. वाचकांनी सौद्याआधी त्या मॉडेलचा अहवाल मिळवून पाहावा. घसरण मोजायची तर मूळ उंची ठाऊक हवी.

यंत्राचे घराणेही माहीत असावे. १९५९ मध्ये फरिदाबादेत आयशरने देशी ट्रॅक्टर बांधला, तो जर्मन सहकार्यातून. महिंद्राच्या सुरुवातीच्या बी-२७५ मागे इंटरनॅशनल हार्वेस्टरचे आरेखन होते, टॅफेचे मॅसी फर्ग्युसन मूळचे परदेशी, एचएमटीची वाट चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरमधून आली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज मात्र पूर्णपणे इथल्या अभियंत्यांचा. तो १९७४ मध्ये बाजारात आला. घराणे कळले की आत कसला डिझेल पंप आहे, ब्रेक कोरडे की तेलात बुडालेले, गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक यांचे तेल एकच की वेगळे, याचा अंदाज बांधता येतो आणि परीक्षा कुठून सुरू करायची ते ठरते.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळा-सतराव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून आलेली डिझेलची बारीक फवार आपोआप पेट घेते. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात : पुरेशी स्वच्छ हवा, वेळेवर आणि नीट फवारलेले डिझेल आणि पुरेसा दाब. बहुतेक तक्रारी या तिघांपैकी एकाशी जाऊन भिडतात. तुम्ही हे एवढे जरी मनात पक्के केले, तरी गॅरेजमधल्या गप्पा तुम्हाला वेगळ्या ऐकू येऊ लागतील.

म्हणून पहिली परीक्षा थंड इंजिनाची. दाब कमी झालेले, रिंगा झिजलेले इंजिन गरम असताना लगेच चालू होते. सकाळी थंडीत मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. विकणाऱ्याने तुम्ही पोहोचण्याआधीच ट्रॅक्टर चालवून ठेवला असेल, तर सर्वांत बोलकी परीक्षा हातची गेली. तेव्हा सकाळी लवकर जावे आणि चावी फिरवण्याआधी इंजिनाला हात लावून पाहावा. कोमट लागले तर शांतपणे दुसरी वेळ मागावी. उलटाही प्रकार असतो : सकाळी झटकन चालू होणारा ट्रॅक्टर दोन तास काम करून बंद केला की पुन्हा चालू होत नाही. तिथे रोटरी डिझेल पंपाच्या आतल्या झिजेची शंका घ्यावी. तापून पातळ झालेले डिझेल झिजलेल्या फटींतून निसटते आणि सेल्फच्या मंद गतीवर पुरेसा दाब तयार होत नाही. थंड आणि गरम, दोन्ही वेळा पाहिल्याखेरीज मत बनवू नये.

मग धूर. काळा धूर सांगतो की डिझेल पूर्ण जळत नाही : एअर फिल्टर तुंबला असेल, नोझल नीट फवारत नसेल, पंपातून डिझेल जास्त सोडले असेल किंवा यंत्रावर ओझे जास्त असेल. निळसर धुराचा अर्थ इंजिन ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असावेत. थंडीत सुरुवातीला येणारा पांढरा धूर थोड्या वेळात विरला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. रंग पाहून लगेच निकाल मात्र देऊ नका. काळ्या धुराचे कारण नुसता धुळीने भरलेला फिल्टर असू शकतो आणि निळ्या धुराचे कारण अख्खे इंजिन बांधण्याइतके मोठे असू शकते. धूर फक्त दिशा दाखवतो.

दिशा पक्की करायला तेल आणि पाणी पाहावे. गेज पट्टी ओढून पाहा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळले आहे. हेड गॅस्केट, लायनरच्या खालच्या रबरी रिंगा किंवा हेडला गेलेला तडा, यांपैकी काहीतरी आहे. ऑइल पातळ, पातळी खुणेच्या वर आणि वासाला डिझेल, असे असेल तर फीड पंपाची किंवा डिझेल पंपाची सिले तपासावी लागतील. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का पाहावे. नंतर इंजिन चालू करून पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघावे. येत असतील तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आहे. शेवटी इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढून पाहावे. तिथून ठोक्यागणिक धूर आणि हवा जोराने बाहेर येत असेल, तर दाब रिंगांना न जुमानता खाली उतरतो आहे. मिस्त्री इंजिनाच्या कामाचा अंदाज बांधतात, तो पुष्कळदा इथेच.

तर्काची साखळी कशी चालते, हे एका तक्रारीवरून पाहू : ‘ट्रॅक्टर ओढत नाही.’ नांगर लावून शेतात घाला आणि इंजिनाच्या आवाजाकडे कान द्या. ओझे आले तरी रेस पडत नाही, उलट चढते आणि चाके मात्र मंदावतात किंवा थांबतात? मग इंजिन निर्दोष असू शकते. क्लच प्लेट घसरते आहे. रेस पडते आणि सायलेन्सरमधून काळा लोट येतो? हवेची वाट पाहा, मग नोझल. रेस पडते, पण धूर जवळपास नाहीच? मग डिझेलच पोहोचत नाही. टाकीच्या झाकणाचे श्वासाचे भोक, फिल्टर, पाइपातून शिरलेली हवा, फीड पंप, या क्रमाने जावे. हे सगळे ठीक निघाले तर दाबाकडे वळावे. यातला क्रम ध्यानात घ्या : फुकटची परीक्षा आधी, पाना लागणारी नंतर आणि इंजिन उघडणे सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी शे-दोनशेच्या फिल्टरपायी हजारोंचे काम काढून घेतले आहे.

कोणता सिलिंडर कमजोर आहे हे शोधायची एक जुनी परीक्षा आहे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट क्षणभर सैल करायचा. ठणठणीत सिलिंडरचे डिझेल तोडले की इंजिन लगेच अडखळते. ज्याचे तोडूनही आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. मात्र ही परीक्षा नवख्याने करू नये, जाणत्या मिस्त्रीच्या हातून होऊ द्यावी आणि आपण लांबून पाहावी. त्या पाइपातला दाब इतका असतो की बारीक फवार कातडी भेदून आत जाते, आणि अशी जखम बाहेरून लहान दिसली तरी बोट गमावण्याची वेळ आणू शकते. डिझेलची गळती कधीही उघड्या हाताने चाचपू नये.

बिघाडावर मुलखाची छाप असते, हा या विषयाचा मला सर्वांत रसाळ वाटणारा भाग आहे. मोहगावच्या परिसरात ट्रॅक्टर संत्र्याच्या बागेत पीटीओवर फवारणीचा ब्लोअर चालवतो. त्या कामात इंजिन तासन्‌तास फिरते, पण रस्ता फारसा तुडवला जात नाही. अशा ट्रॅक्टरचे मागचे टायर चांगले असतात आणि इंजिन थकलेले असू शकते. पीटीओच्या शाफ्टचे दाते झिजलेले दिसले की ही कथा उलगडते. ट्रॉलीने माल वाहिलेल्या ट्रॅक्टरची खूण वेगळी : हुकाचे भोक लंबगोल झालेले, ब्रेक आणि क्लच दमलेले, पुढचा एक्सल हलणारा. काळ्या जमिनीची उन्हाळ्यातली बारीक धूळ हा तर इंजिनाचा मोठा शत्रू. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली तर ती फिल्टर चुकवून आत गेलेली आहे आणि रिंगा-लायनरनी ती खाल्ली आहे, मग बाहेरून रंग कितीही चकचकीत असो.

हायड्रोलिकचीही परीक्षा अशीच सोपी आहे. जड अवजार वर उचलून इंजिन बंद करावे आणि थांबावे. ते भराभर खाली आले तर लिफ्टच्या सिलिंडरची सिले किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो आहे. इंजिन चालू असताना उचललेले अवजार थोडे उतरून पुन्हा चढत राहिले, तर तीच गळती दुसऱ्या रूपात दिसते. तापल्यावर उचलायलाच कुरकुर करत असेल, तर पंप, जाळी किंवा तेलाची पातळी पाहावी. पुढची चाके जॅकवर घेऊन हलवून पाहावीत आणि चालत्या ट्रॅक्टरचा गिअर ओझ्याखाली सुटतो का तेही बघावे. मीटरवरचे तास पाहावेत, पण क्लच आणि ब्रेकच्या पेडलांशी ताडूनच. यांत्रिक मीटर ठराविक रेसवर बरोबर तास मोजतो, मंद चालीवर कमी. आणि त्याची केबल निघालेली असेल तर तो काहीच मोजत नाही. आठशे तासांचा मीटर आणि गुळगुळीत झिजलेले पेडल एका ट्रॅक्टरवर नांदत नसतात.

सीमेवरच्या या मुलखात यंत्राबरोबर कागदही वाचावे लागतात. चासीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक आरसी बुकाशी जुळवावा. ट्रॅक्टरवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा पुरावा आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा नमुना ३५ मागावा. महाराष्ट्रात नोंदलेला ट्रॅक्टर मध्य प्रदेशात आणायचा असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, सौद्याआधीच पदरात पडलेले बरे. इंजिनाचा क्रमांक आरसीवर नसलेला निघाला तर त्यात लबाडीच असेल असे नाही. इंजिन बदललेले असू शकते. पण मग ते कुठून आले आणि किती चाललेले आहे, हे प्रश्न निदानाच्या कक्षेत येतात.

हे क्षेत्र गावच्या गॅरेजपुरते नाही, हेही वाचकांनी जाणावे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने डिझेल इंजिनांतले वापरलेले ऑइल वर्णपटाने तपासायला सुरुवात केली. ऑइलात लोह वाढले तर लायनर-रिंगांची झीज, तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंगची, सिलिकॉन वाढले तर धुळीचा शिरकाव, असा त्याचा अर्थ लावला जातो. काढलेल्या ऑइलातून चुंबक फिरवून त्याला चिकटलेला कीस पाहणारा आपला मिस्त्री त्याच विचाराने चाललेला असतो. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून ट्रेम-४ हे कडक उत्सर्जन मानक लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांत संवेदक व संगणकी नियंत्रण आले. तिथे यंत्रच दोषाचा संकेतांक सांगते. पण संकेतांकही लक्षणच असतो. त्यामागची चार कारणे वगळण्याचे काम माणसाकडेच राहते. आपल्या शेतांत आज चालणारे बहुसंख्य जुने ट्रॅक्टर तर अजून कान, नाक आणि बोट यांनाच उत्तर देतात.

नवख्या वाचकाने सुरुवात घरच्या किंवा शेजारच्या निरोगी ट्रॅक्टरपासून करावी. निरोगी इंजिनाचा आवाज, थंड आणि गरम असतानाचा ऑइलचा दाब, उचललेले अवजार किती वेळ टिकते, हे एकदा वहीत नोंदवावे. आजार ओळखायला आधी आरोग्य ओळखावे लागते. मग जवळच्या गॅरेजात फावल्या वेळी जाऊन बसावे. मिस्त्री एखाद्या ट्रॅक्टरचा दोष सांगतात तेव्हा ‘कशावरून ओळखले?’ हा एक प्रश्न नम्रपणे विचारावा. इंजिन उघडल्यावर अंदाज खरा ठरला की चुकला, तेही नोंदवावे. अशी वही काही हंगाम चालली, तर ती आपल्या मुलखाचा संदर्भग्रंथच होईल, आणि त्या वहीवर तुमच्याइतकाच अधिकार त्या मिस्त्रींचा असेल.

या विद्येने फक्त घेणाऱ्याचे रक्षण होते असे समजू नये. ज्याने वेळच्या वेळी ऑइल बदलले, एअर क्लीनर धुतला आणि ट्रॅक्टर जिवापाड जपला, त्याच्या यंत्राला आजच्या बाजारात रंगवून उभ्या केलेल्या खिळखिळ्या यंत्राइतकाच भाव मिळतो, कारण दोन्हींतला फरक पाहणारे डोळे कमी आहेत. ते डोळे वाढले की निगेला किंमत येईल, आणि निगेला किंमत आली की पुढच्या धन्याच्या हाती चांगला ट्रॅक्टर जाईल. दोन शेतकऱ्यांमधला सौदा खरा व्हावा, इतका साधा आणि इतका मोठा या विषयाचा हेतू आहे. त्यासाठी तुम्ही या अभ्यासात यावे. शिकवणारे तुमच्या तालुक्यातच आहेत आणि पहिला धडा पुढच्या थंड सकाळी, चावी फिरवण्याच्या आधी सुरू होतो.